जुन्या नात्यातली ओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपण वस्तूंबद्दल सहज वापरतो, परंतु अनेक जोडपी मनातल्या मनात ती आपल्या नात्यालाही लावून बसलेली असतात. सुरुवातीची काही वर्षे ओढीची आणि नंतरची सगळी सवयीची, अशी वाटणी त्यांनी मान्य करून टाकलेली असते. ती मान्य करण्याची काहीच गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढील प्रश्न विवाहित आणि अविवाहित, दोन्ही प्रकारच्या दीर्घकालीन नात्यांतून पुन्हा पुन्हा विचारले जातात.

सुरुवातीची धुंदी ओसरली, म्हणजे प्रेम संपले असे समजायचे का?

नाही. ओसरणे हा धुंदीचा स्वभावच आहे, कारण त्या अवस्थेत कायम राहणे मनाला आणि शरीराला परवडणारे नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले आणि तिला ‘लिमरन्स’ असे नाव दिले. दिवसभर एकाच व्यक्तीचा विचार, तिच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसणे, होकाराची आशा आणि नकाराची धास्ती ही तिची लक्षणे असून, तिचा काळ त्यांनी साधारणपणे दीड ते तीन वर्षांचा सांगितला. इटलीतील पिसा विद्यापीठात डोनातेल्ला माराझ्झिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या तरुणांचे रक्त तपासले, तेव्हा मेंदूत संदेश पोहोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका प्रथिनाचे प्रमाण त्यांच्यात मंत्रचळाच्या (ओसीडी) रुग्णांइतकेच घटलेले आढळले. त्यांच्यापैकी काहींची वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते प्रमाण पूर्वपदावर आले होते. थोडक्यात, जे ओसरते त्यात प्रेमापेक्षा धास्तीचा भाग बराच मोठा असतो, आणि धास्ती गेल्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचे तीन घटक मांडले: जवळीक, उत्कट ओढ आणि बांधिलकी. या तिघांची वाढ एकाच गतीने होत नाही. ओढ झपाट्याने चढते आणि लवकर उतरते. जवळीक आणि बांधिलकी सावकाश रुजतात. म्हणून ‘आमच्यात जिव्हाळा आहे, विश्वास आहे, पण पूर्वीसारखे काही वाटत नाही’ हे वाक्य इतक्या लोकांच्या तोंडी असते. त्यांचे नाते मोडलेले नसते. त्याचा एक घटक उपाशी राहिलेला असतो.

वीस-वीस वर्षांनंतरही ज्यांची ओढ टिकून आहे, अशी जोडपी खरोखर असतात, की तो देखावा असतो?

खरोखर असतात. बियांका अॅसिव्हेडो, आर्थर अॅरन, हेलन फिशर आणि ल्यूसी ब्राऊन या संशोधकांनी सरासरी २१ वर्षांचे सहजीवन असलेल्या आणि ‘आजही जोडीदारावर उत्कट प्रेम आहे’ असे सांगणाऱ्या १७ व्यक्तींच्या मेंदूचे, त्याचा कोणता भाग केव्हा सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्राने निरीक्षण केले. जोडीदाराचे छायाचित्र पाहताना त्यांच्या मेंदूतील डोपामिन या रसायनाशी निगडित असलेले आणि बक्षिसाच्या ओढीशी जोडलेले भाग उजळले, म्हणजे नव्याने प्रेमात पडलेल्यांत जे भाग उजळतात तेच. फरक एवढाच, की नव्या प्रेमातली बेचैनी या जोडप्यांच्या सांगण्यात नव्हती. सतरा ही संख्या लहान आहे आणि ही माणसे मुद्दाम निवडलेली होती, त्यामुळे असे किती जण असतात हे या अभ्यासावरून ठरत नाही. परंतु काळाच्या ओघात ओढ मरतेच, हा समज खोडून काढायला तो पुरेसा आहे.

मग ओढ आटते ती नेमकी कशामुळे?

माझ्या मते सर्वांत मोठे कारण एका साध्या वाक्यात सापडते: ‘मी त्याला पुरता ओळखून आहे.’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो, परंतु त्याच क्षणी आपण त्या माणसाकडे पाहणे थांबवलेले असते. जोडीदार कोणत्या गोष्टीवर काय म्हणेल, कुठे हसेल, कशावर चिडेल, हे सगळे आपण आधीच ठरवून टाकतो आणि मग समोरच्या जिवंत माणसाऐवजी आपल्या मनातल्या त्याच्या जुन्या चित्राशीच बोलत राहतो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: गृहीत धरणे.

प्रत्यक्षात माणूस बदलत असतो. दहा वर्षांपूर्वी ज्याला गर्दी आवडत होती, त्याला आता एकांत हवासा वाटू लागलेला असतो. जिने नोकरीच्या पलीकडे कशाचा विचार केला नव्हता, तिच्या मनात एखादी वेगळीच इच्छा आकार घेत असते. हे बदल घरातच घडतात आणि घरातल्याच माणसाला शेवटी कळतात.

याची उलट बाजू अनेकांनी अनुभवलेली असते. एखाद्या समारंभात जोडीदार आपल्याला न पाहता चारचौघांत काही समजावून सांगत उभा असतो; हात एका विशिष्ट लयीत हलत असतात, ऐकणारे मन लावून ऐकत असतात, आणि आपण दाराशी थबकतो. हे हात रोजचेच असतात, तरी त्या दोन-चार क्षणांपुरता तो माणूस आपल्याला नवा दिसतो आणि पोटात काहीतरी हलते. जोडीदार तोच असतो, फक्त आपण कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलेले असते. म्हणूनच जोडीदाराला त्याच्या कामात, त्याच्या छंदात, त्याच्या मित्रमंडळींत अधूनमधून पाहण्याची संधी शोधावी, असा सल्ला मी नेहमी देतो.

रोजच्या धावपळीत रोमान्सला वेळ कुठून आणायचा?

या प्रश्नात वेळेविषयी एक गैरसमज दडलेला आहे. ओढ टिकवण्याचे बरेचसे काम काही सेकंदांत होते किंवा काही सेकंदांत बिघडते. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रयोगशाळेत नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण केले आणि ते एकमेकांना दिवसभरात ज्या लहानसहान सादा घालतात त्या मोजल्या. सहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ज्यांचे लग्न टिकले होते त्यांनी त्या वेळी जोडीदाराच्या ८६ टक्के सादांना प्रतिसाद दिला होता. ज्यांनी फारकत घेतली होती, त्यांचे प्रमाण ३३ टक्के होते.

साद म्हणजे काय, हे जवळून पाहिले पाहिजे, कारण ती क्वचितच सादेसारखी दिसते. संध्याकाळी एक जण खिडकीपाशी उभा राहून म्हणतो, ‘हे बघ, ढगांचा रंग कसा झालाय.’ दुसरा मोबाईलवरून नजर न हलवता ‘हं’ म्हणतो. पहिला आणखी क्षणभर उभा राहतो, मग पडदा सारतो आणि आत जातो. भांडण झालेले नाही, कोणी वाईट बोललेले नाही, आणि विचारले तर दोघेही ‘काही झाले नाही’ असेच सांगतील. परंतु ढगांचे निमित्त होते. मागणे होते ते ‘माझ्याजवळ ये’ एवढेच. अशा चारशे संध्याकाळी गेल्या, की माणूस खिडकीपाशी बोलावणे बंद करतो, आणि मग एक दिवस जोडीदार आश्चर्याने विचारतो, ‘आपल्यात इतका दुरावा कधी आला?’

उठून खिडकीपर्यंत जायला दहा सेकंद लागतात. मोबाईलचा खरा तोटा इथे आहे. तो वेळ खातो त्यापेक्षा जास्त सादा खातो. निदान एकत्र जेवताना आणि झोपण्याआधीचा अर्धा तास तो दुसऱ्या खोलीत असावा.

प्रतिसादाचा आणखी एक प्रकार फारसा कोणी मनावर घेत नाही, तो म्हणजे चांगल्या बातमीचा प्रतिसाद. जोडीदाराच्या संकटात धावून जाणारी माणसे त्याच्या आनंदाच्या वेळी मात्र ‘छान’ म्हणून मोकळी होतात. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असे दिसले, की आनंदाच्या बातमीला जोडीदार उत्साहाने, प्रश्न विचारत प्रतिसाद देतो की नाही, याचा नात्यातील समाधानाशी घट्ट संबंध असतो. ‘कसे झाले? तुला पहिल्यांदा कोणी सांगितले? तेव्हा तू काय म्हणालीस?’ हे तीन प्रश्न कोणत्याही भेटवस्तूपेक्षा अधिक काम करतात.

आम्ही ठरवून एकत्र बाहेर जातो, तरी कंटाळवाणे का वाटते?

कारण बहुधा दर वेळी तेच ठिकाण, तीच वेळ आणि त्याच गप्पा असतात. एकत्र असणे आणि एकत्र काही नवे करणे यांत फरक आहे. आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांचे मनगट आणि घोटा एकमेकांना बांधून त्यांना गाद्यांवरून रांगत, मधला अडथळा ओलांडत आणि हात किंवा दात न लावता एक लोड दोघांच्या अंगांमध्ये धरून पलीकडे न्यायला सांगितले. दुसऱ्या गटाला चेंडू संथपणे ढकलत नेण्याचे साधे काम दिले. खेळ अवघ्या सात मिनिटांचा होता. तरी अडथळ्याचा खेळ खेळलेल्या जोडप्यांचे परस्परांविषयीचे समाधान अधिक वाढलेले आढळले. घरी कोणी लोड घेऊन रांगावे असे नव्हे, परंतु दोघांनाही न येणारी एखादी गोष्ट एकत्र शिकायला घ्यावी: पोहणे, एखादे वाद्य, नवी भाषा, डोंगर चढणे. दोघांपैकी एक तरबेज आणि दुसरा नवशिका असेल तर एक शिक्षक होतो आणि दुसरा चुका झाकत बसतो. दोघेही सारखेच अडखळत असतील तर एकमेकांना हात द्यावा लागतो, आणि या हात देण्यातच नवेपणा असतो.

आम्हाला बोलायला विषयच उरलेला नाही. काय करावे?

विषय संपलेले नसतात, प्रश्न संपलेले असतात. बहुतेक घरांतले संभाषण कामांच्या वाटपावर येऊन थांबते: बिल भरले का, उद्या कोण लवकर येणार, डॉक्टरांची वेळ घेतली का. हे बोलणे आवश्यकच आहे, परंतु ते सहकाऱ्यांचे बोलणे आहे. अॅरन यांनीच १९९७ मध्ये ३६ प्रश्नांची एक मालिका प्रसिद्ध केली होती. ते प्रश्न अनोळखी माणसांमध्ये पाऊण तासात जवळीक निर्माण व्हावी म्हणून रचलेले होते आणि हलक्या प्रश्नांपासून सुरू होऊन हळूहळू खोल जात. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी हीच पद्धत वापरावी आणि प्रश्न स्वतःचे तयार करावेत. ‘गेल्या वर्षभरात तुझे कोणते मत बदलले?’, ‘माझ्याजवळ बोलायचे राहून गेलेले असे काय आहे?’, ‘पुढची पाच वर्षे फक्त तुझ्या मनाप्रमाणे गेली तर ती कशी असतील?’ उत्तर आधीच माहीत आहे असे वाटणारा प्रश्नही विचारून पाहावा. आणि उत्तर ऐकताना सल्ला देण्याचा मोह आवरावा.

जोडप्यांमध्ये शरीरसंबंध किती वेळा असणे ‘नॉर्मल’ मानावे?

असा कोणताही आकडा नाही. एमी म्युइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३०,००० हून अधिक अमेरिकी व्यक्तींच्या अनेक दशकांतील माहितीचे विश्लेषण केले. त्यात जोडप्यांचे समाधान आठवड्यातून साधारण एकदा या प्रमाणापर्यंत वाढत गेलेले दिसले आणि त्यापुढे ते वाढले नाही. ही सरासरी आहे, गृहपाठ नव्हे. महिन्यातून एकदा जवळ येणारे जोडपे त्यात सुखी असेल, तर त्यांनी इतरांच्या आकड्याकडे पाहून दुःखी होण्याचे कारण नाही. अडचण सुरू होते ती दोघांच्या अपेक्षांत अंतर असते आणि त्यावर बोलणे टाळले जाते तेव्हा.

मला आपणहून इच्छाच होत नाही. माझ्यात काही दोष आहे का?

दोष आहे असे समजू नये. इच्छा आधी आणि जवळीक नंतर, हा क्रम सर्वांना लागू पडत नाही. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास असे मांडले, की विशेषतः दीर्घ नात्यातील अनेक स्त्रियांमध्ये इच्छा ही प्रतिसाद म्हणून जागी होते: आधी निवांतपणा, स्पर्श, आपुलकी, आणि त्यातून पुढे ओढ. पुरुषांच्या बाबतीतही असे घडते. ज्यांना हे ठाऊक नसते, ते आपोआप उमलणाऱ्या इच्छेची महिनोन्महिने वाट पाहतात आणि ती येत नाही म्हणून स्वतःला किंवा जोडीदाराला दोष देतात.

अशा वेळी एक नेहमीचा पेच तयार होतो. पुढे काय मागितले जाईल या धास्तीने एक जण साधा स्पर्शही टाळू लागतो, आणि स्पर्श टाळला जातो म्हणून दुसरा दुखावतो. दोघांनी मोकळेपणाने ठरवावे, की काही दिवस मिठी ही मिठीच राहील, हात हातात घेणे हे तेवढेच असेल, त्यापुढे काही अपेक्षित नसेल. स्पर्शामागची मागणी निघून गेली, की स्पर्श परत येतो. मनाविरुद्ध केवळ कर्तव्य म्हणून जवळ येणे मात्र ओढीला मारकच ठरते. नकार देण्याची मुभा जिथे नसते, तिथे होकारालाही अर्थ उरत नाही.

शारीरिक कारणेही तपासली पाहिजेत. थायरॉईडचे विकार, मधुमेह, नैराश्य, नैराश्यावरची एसएसआरआय गटातील औषधे आणि रक्तदाबाची काही औषधे यांमुळे इच्छा घटू शकते. बाळंतपणानंतर स्तनपानाच्या काळात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडेपणा येतो आणि संबंध वेदनादायक होतात. त्यावर उपचार आहेत. पुरुषांमध्ये ताठरता येण्याची अडचण ही कधीकधी हृदयविकाराची किंवा मधुमेहाची आधीची खूण असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवावे. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

वेळ ठरवून जवळ येणे कृत्रिम नाही का?

नात्याच्या सुरुवातीच्या भेटीही ठरवूनच होत असत. तेव्हा कपडे निवडले जात, घड्याळाकडे पाहिले जाई, आणि त्या वाट पाहण्यातच अर्धी मौज होती.

आमची भांडणे होतात. त्यामुळे आकर्षण संपते का?

भांडणामुळे सहसा संपत नाही. तुच्छतेने मात्र निश्चित संपते. गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, कारण ते स्वभावातील फरकांतून येतात, आणि सुखी जोडप्यांचेही ते सुटलेले नसतात. त्यांच्यात वेगळे असते ते भांडणाचे वळण: वाद चालू असतानाही एका कडू देवाणघेवाणीमागे साधारण पाच गोड, निदान सौम्य देवाणघेवाणी होतात. याउलट डोळे फिरवणे, नक्कल करणे, चारचौघांत पाणउतारा करणे हे नाते तुटण्याचे सर्वांत ठळक लक्षण त्यांना आढळले. ज्याच्या नजरेत आपण लहान झालो आहोत, त्याच्यासाठी सजावेसे वाटत नाही आणि त्याच्याजवळ झोपावेसेही वाटत नाही. अबोला धरून दिवस काढणे हाही तुच्छतेचाच शांत प्रकार होऊ शकतो.

इलाय फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० विवाहित जोडप्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील निम्म्या जोडप्यांनी वर्षातून तीनदा, प्रत्येकी सात मिनिटे एक लेखन केले: दोघांचेही भले चिंतणारा एखादा तटस्थ माणूस आपल्या वादाकडे कसा पाहील, हे लिहायचे. वर्षाला एकूण २१ मिनिटे. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे वैवाहिक समाधान घसरत राहिले. लिहिणाऱ्यांची घसरण थांबली. इतक्या कमी श्रमांत इतका फायदा देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

मला दुसऱ्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते. याचा अर्थ माझे प्रेम खोटे आहे का?

आकर्षण वाटणे हे अनेकांच्या वाट्याला येते आणि त्यावरून प्रेम खोटे ठरत नाही. मात्र स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: त्या व्यक्तीसमोर मी कोण होतो किंवा होते? बहुतेक वेळा उत्तर असे येते, की तिथे माझे कोणीतरी लक्षपूर्वक ऐकते, माझ्या विनोदाला हसते, मला नव्याने पाहते. म्हणजे भूक कशाची आहे ते कळले. ती भूक घरी बोलून दाखवावी. त्या व्यक्तीशी चाललेले बोलणे जोडीदारापासून लपवावेसे वाटू लागले, तर तिथेच थांबणे आवश्यक आहे.

मुले लहान आहेत आणि आम्ही दोघेही थकलेलो असतो. तोवर हे सगळे बाजूला ठेवले तर चालेल का?

काही महिने चालेल, काही वर्षे चालणार नाही. आधी झोप आणि कामाची वाटणी यांकडे पाहावे. दिवसभर एकटीने किंवा एकट्याने राबलेल्या माणसाला रात्री लाडीगोडीची भाषा खटकते. त्याच्या वाटचे एखादे काम न सांगता उरकलेले असणे हीच त्या काळातली प्रेमाची भाषा असते.

प्रयत्न मी एकट्यानेच करतो आहे. कुठवर करावे?

सुरुवात एकानेच होते, त्यात कमीपणा नाही. परंतु काही महिने मनापासून प्रयत्न करूनही समोरून काहीच परत येत नसेल, तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे, आणि जोडीदार तयार नसेल तर एकट्याने जावे. जिथे मारहाण, धाक, पैशांची अडवणूक किंवा जबरदस्ती आहे, तिथे वरीलपैकी एकही उत्तर लागू होत नाही. तिथे प्रश्न ओढ टिकवण्याचा नसून सुरक्षिततेचा असतो आणि मदत त्याच दिशेने मागावी.

हे सगळे जोडीदाराला सांगायचे कसे? विषय काढला की तक्रार वाटते.

‘तू पूर्वीसारखा राहिला नाहीस’ असे वाक्य खरे असले तरी ते ऐकणारा बचाव करू लागतो. त्याऐवजी एखादी नेमकी आठवण आणि एक छोटी मागणी एकत्र ठेवावी. ‘आपण पूर्वी रात्री गच्चीवर जाऊन बसायचो, आठवतं? मला ते पुन्हा हवंय. आज येशील?’ या बोलण्यात आरोप नाही आणि होकार देणे सोपे आहे. वेळ निवडताना दोघांपैकी कोणी उपाशी, झोपाळलेले किंवा घाईत नसावे. पहिल्या वेळी दोघेही थोडे अवघडतील, बोलणे अडखळेल, कदाचित कामाच्या गोष्टींवरच घसरेल. तरी उद्या पुन्हा जावे.